फिओ के७ डॅक आणि एचडी ६०० हेडफोन: ख्याल ऐकतानाची पहिली निरीक्षणे

खर्जप्रेमी (धागालेखक)

नव्या डॅकवर (संगणकातल्या आकड्यांच्या रूपातल्या ध्वनीचे विद्युतसंकेतात रूपांतर करणाऱ्या यंत्रावर) पहिल्यांदा ऐकताना जो फरक जाणवतो, त्यातला किती डॅकचा, किती अ‍ॅम्प्लिफायरचा आणि किती निव्वळ वाढलेल्या आवाजाचा, हे वेगळे काढून पाहावे या हेतूने हा धागा काढत आहे. यंत्र आहे फिओ के७, हेडफोन सेनहायझर एचडी ६००, आणि ऐकलेले संगीत जवळजवळ सगळे हिंदुस्थानी कंठसंगीत. हे आधीच सांगतो, कारण रॉक किंवा इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकून लिहिलेली परीक्षणे ख्याल ऐकणाऱ्याच्या फारशी उपयोगी पडत नाहीत. तंबोऱ्याचा झंकार, बायाची घुमक आणि विलंबित लयीत दोन मात्रांमध्ये पसरलेली शांतता यांविषयी त्यांत काहीच नसते.

यंत्राची ओळख थोडक्यात. के७ हे २०२२ साली आलेले, टेबलावर ठेवायचे यंत्र असून डॅक आणि हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर एकाच डब्यात आहेत. आत एकेएम कंपनीच्या एके४४९३ मालिकेतील दोन चिप आणि टीएचएक्सच्या एएए ७८८+ जातीचे दोन अ‍ॅम्प्लिफायर आहेत. (एकेएमच्या जपानमधील नोबेओका येथील कारखान्याला ऑक्टोबर २०२० मध्ये आग लागली आणि जगभरच्या डॅक उत्पादकांची पंचाईत झाली, हे अनेकांना आठवत असेल.) पुढच्या बाजूस ६.३५ मिलिमीटरचे नेहमीचे आणि ४.४ मिलिमीटरचे बॅलन्स्ड (दोन्ही कानांच्या तारा पूर्ण वेगळ्या ठेवणारे) अशी दोन भोके, गेनची (संकेत किती पट वाढवायचा ते ठरवणारी) कळ आणि आवाजाची गोल मूठ आहे. मुठीभोवतीचे प्रकाशाचे कडे फाइलमधल्या नमुन्यांचा दर (ध्वनी सेकंदाला किती वेळा मोजून साठवला आहे तो आकडा) ४८ किलोहर्ट्झपर्यंत असल्यास निळे, त्याहून अधिक असल्यास पिवळे आणि डीएसडी (एकेका बिटाचे नमुने वापरणारा फाइलचा प्रकार) असल्यास हिरवे होते. मला ही सजावटीपेक्षा कामाची गोष्ट वाटली. सीडीवरून उतरवलेली ४४.१ किलोहर्ट्झची फाइल वाजत असताना कडे पिवळे दिसले, तर संगणक नमुन्यांचा दर परस्पर बदलून पाठवत आहे हे त्याच क्षणी कळते, आणि मग विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन दर बदलावा किंवा प्लेअरला थेट, एकाधिकाराने डॅकशी बोलू द्यावे.

तुलनेसाठी मी अ‍ॅपलचे यूएसबी-सी ते ३.५ मिलिमीटरचे डोंगल घेतले. बोटभर लांबीच्या या वायरमध्येही पूर्ण डॅक आणि छोटा अ‍ॅम्प्लिफायर असतो, आणि युरोपात विकली जाणारी आवृत्ती वगळता ते जास्तीत जास्त १ व्होल्ट देते. दोन्ही यंत्रांच्या किमतींत प्रचंड अंतर असल्यामुळेच ही तुलना करण्यासारखी आहे.

आता मूळ मुद्दा. डोंगलवरून के७ वर आलो तेव्हा पहिल्या आलापातच आवाज भरदार झाला, बायाला वजन आले, तंबोरा गायकाच्या मागे पसरल्यासारखा वाटला. हा अनुभव खरा होता आणि तो नाकारण्याचे मला कारण दिसत नाही. प्रश्न त्याच्या कारणाचा आहे. दोन यंत्रांपैकी एक किंचित मोठ्याने वाजत असेल, तर कान त्या फरकाला ‘मोठा’ असे नाव देत नाही; तो त्याला ‘स्पष्ट’, ‘खोल’, ‘जिवंत’ अशी नावे देतो. शिवाय आवाज वाढला की खालच्या स्वरांबाबत कानाची संवेदनशीलता तुलनेने अधिक वाढते. फ्लेचर आणि मनसन यांनी १९३३ मध्येच हे मांडून ठेवले आहे. अर्ध्या-एक डेसिबेलचा फरकसुद्धा बाया भारदार वाटायला पुरेसा असतो.

म्हणून पातळी जुळवणे भाग होते. एका दुहेरी जोडणीतून हेडफोन लावलेला ठेवला, दुसऱ्या तोंडाला मल्टिमीटरच्या पिना लावल्या आणि १०० हर्ट्झचा शुद्ध स्वर वाजवून व्होल्टेज मोजले. १,००० हर्ट्झचा स्वर मी मुद्दाम टाळला, कारण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणारे साधे मल्टिमीटर घरगुती विजेच्या ५० हर्ट्झच्या आसपास भरवशाचे असतात आणि बरेच वर गेल्यावर चुकू लागतात. ०.१ डेसिबेलच्या आत जुळवणी हवी असेल, तर व्होल्टेजमधला फरक साधारण १.२ टक्क्यांच्या आत असावा लागतो; म्हणजे अर्ध्या व्होल्टला सुमारे ६ मिलिव्होल्ट. मूठ फिरवून इतके नेमके साधत नाही, म्हणून शेवटची जुळवणी प्लेअरमधल्या आवाजाच्या पट्टीने केली. मग धाकट्या भावाला मागे बसवून जोडण्या बदलायला सांगितल्या. कोणते यंत्र चालू आहे हे मला दिसणार नाही, याची त्याने काळजी घेतली.

पातळी जुळल्यावर आणि डोळ्यांआड तुलना केल्यावर गायकाच्या आवाजाचा पोत, तंबोऱ्याची जवारी (तार घोडीला हलकेच स्पर्शत राहिल्याने येणारा झणझणता नाद), तबल्याच्या चाटेवरचा ‘ना’, पेटीच्या पट्ट्यांचा किंचित कर्कशपणा, यांतल्या कशावरूनही मला यंत्र ओळखता आले नाही. माझी बरोबर उत्तरे निम्म्याच्या आसपासच राहिली. पहिल्या संध्याकाळी ऐकलेला ‘मागे पसरलेला तंबोरा’ दोन्हींवर तितकाच पसरलेला होता.

परंतु एवढ्यावरून के७ निरुपयोगी आहे असे कोणी म्हणत असेल, तर ते मला मान्य नाही, आणि त्याचे कारण ख्यालाच्या ध्वनिमुद्रणांतच आहे. एचडी ६०० हा १९९७ पासून चालत आलेला, ३०० ओहमचा, मागून उघडा हेडफोन. एक मिलिवॅटला ९७ डेसिबेल हे त्याचे माप. हिशेब केला तर १ व्होल्टवर तो साधारण १०२ डेसिबेलपर्यंत जातो. आधुनिक चित्रपटगीतांसाठी हे गरजेपेक्षा जास्त आहे. मात्र खासगी मैफलींची जुनी ध्वनिमुद्रणे अनेकदा पूर्ण पातळीच्या १० डेसिबेल खाली उतरवलेली असतात, आणि ख्यालात सरासरी आवाज सर्वोच्च क्षणांच्या २० डेसिबेल खाली सहज असतो. १०२ मधून हे वजा केले की हाती उरतात ७२ डेसिबेल, म्हणजे साध्या बोलण्याच्या थोडे वर. विलंबित बडा ख्याल इतक्या दबक्या आवाजात ऐकताना डोंगल पूर्ण उघडलेले असते आणि तरीही हात आवाज वाढवायला जातो. के७ कडे कित्येक पट व्होल्टेज शिल्लक असते. इथे फरक आहे, तो रोज जाणवतो आणि तो ओळखायला कोणत्याही चाचणीची गरज पडत नाही.

दुसरी गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. जुनी ख्यालाची ध्वनिमुद्रणे बहुतांशी मोनो आहेत. हेडफोनवर मोनो ऐकताना गायक डोक्याच्या बरोबर मधोमध उभा राहिला पाहिजे. स्वस्त अ‍ॅम्प्लिफायरमधली आवाजाची मूठ कमी कोनात असताना डावी-उजवी बाजू सारखी ठेवत नाही. एक बाजू दोन-तीन डेसिबेलने मागे राहते आणि गायक एका कानाकडे सरकतो. तासभर असे ऐकले की डोके जड होते, पण कारण उमगत नाही. के७ मध्ये ध्वनी थेट मुठीतून जात नाही. मुठीची स्थिती वाचून आतली यंत्रणा आवाज ठरवते, त्यामुळे अगदी रात्री उशिरा, मूठ जेमतेम उघडलेली असतानाही गायक जागचा हलत नाही. पहिल्या दिवशी याकडे लक्ष गेले नव्हते. सलग दोन राग ऐकल्यावर थकवा आला नाही तेव्हा ते ध्यानात आले.

आपापले अनुभव लिहावेत. विशेषतः तंबोऱ्याविषयी जाणकारांनी लिहिले तर आनंद होईल.

घोडीवरचे सूत

धागा आवडला. माझे घर मिरजेचे, आणि तंतुवाद्यांच्या कारागिरांच्या गल्लीत लहानपण गेले असल्यामुळे तंबोऱ्याविषयी थोडे लिहितो.

डॅकची परीक्षा घ्यायला तंबोरा हे साधन उत्तम, पण नेमके काय ऐकायचे हे ठाऊक हवे. घोडीचा वरचा पृष्ठभाग किंचित उतरता घासलेला असतो, त्यामुळे कंप पावणारी तार त्याला पुन:पुन्हा स्पर्श करत राहते. तिच्याखाली सरकवलेले सूत तो स्पर्श नेमक्या जागी आणते. यातून वरचे उपस्वर तार छेडल्याबरोबर एकदम न येता क्रमाने उलगडतात. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवरच्या निबंधात घोडीच्या याच रचनेची दखल घेतली होती. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागचे खरे कसब हेच जवारी लावण्याचे आहे.

आता ऐकायचे काय? पुरुषाचा तंबोरा पेटीच्या काळी एक पट्टीला लावलेला असेल, तर जोडाच्या (मधल्या दोन, षड्जाच्या) तारा सुमारे १३८.६ हर्ट्झवर आणि खर्ज ६९.३ हर्ट्झवर असतो. खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा स्वयंभू गांधार हा तिचा पाचवा उपस्वर, म्हणजे ३४६.५ हर्ट्झ. पेटीवरचा गांधार याच सप्तकात सुमारे ३४९ हर्ट्झला येतो. पेटीची साथ असलेल्या ध्वनिमुद्रणात गायक गांधारावर स्थिरावतो, तेव्हा पेटी आणि तंबोरा यांतली ही सूक्ष्म ओढाताण ऐकू यायला हवी. शिवाय जोडाच्या दोन तारा अगदी एकजीव आहेत की त्यांत हलकी लहर आहे, हेही कळायला हवे.

एक सूचना करतो. अलीकडच्या पुष्कळ ध्वनिमुद्रणांत इलेक्ट्रॉनिक तंबोरा असतो. त्याचा आवाज ठरावीक नमुन्याने फिरत राहतो आणि त्यात उपस्वरांचे खरे उलगडणे नसते, त्यामुळे त्यावर केलेली परीक्षा व्यर्थ आहे. दोन खरे तंबोरे घेऊन केलेले मुद्रण निवडावे.

वर सांगितलेले सर्व मी साध्या डोंगलवरही ऐकले आहे. ध्वनिमुद्रण चांगले असेल तर स्वयंभू गांधार कोणत्याही धड डॅकवर येतो, आणि मुद्रणातच तो हरवला असेल तर लाखाच्या डॅकवरही येत नाही.

शिडीवाला

धागालेखकांच्या मेहनतीचे कौतुक वाटते, तरी निष्कर्ष मला पटलेला नाही. मी आर-टू-आर पद्धतीचा (रोधकांच्या शिडीसारख्या रचनेचा), ओव्हरसॅम्पलिंग न करणारा (मूळ नमुन्यांमध्ये जादा नमुने न भरणारा) डॅक वापरतो. डेल्टा-सिग्मा चिपवर (के७ मधल्यासारख्या, आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या) जुन्या गायिकांचा तारसप्तकातला स्वर मला टोचतो आणि शिडीच्या डॅकवर तो गोल होतो. हा फरक मी कल्पिलेला नाही. दुसरे असे की, जोडण्या भराभर बदलून घेतलेली चाचणी संगीत ऐकण्याच्या रीतीलाच विरोधी आहे. राग उलगडायला वेळ लागतो, आणि यंत्राचा स्वभावही अनेक संध्याकाळी सोबत घालवल्यावर कळतो.

खर्जप्रेमी (धागालेखक)

शिडीवाले, तुम्हाला जाणवणारा गोलवा खरा असणार, याबद्दल मला शंका नाही, आणि तो मोजताही येतो. ओव्हरसॅम्पलिंग न करणारा डॅक प्रत्येक नमुना पुढचा येईपर्यंत तसाच धरून ठेवतो, आणि या धरून ठेवण्यामुळेच वरच्या पट्टीतला आवाज उतरत जातो. ४४.१ किलोहर्ट्झच्या फाइलवर १० किलोहर्ट्झला ही उतरण सुमारे पाऊण डेसिबेल आणि २० किलोहर्ट्झला सुमारे ३.२ डेसिबेल होते. काही उत्पादक ती भरून काढतात, काही तशीच ठेवतात. जुन्या मुद्रणांत ध्वनिक्षेपकामुळे आलेला वरचा कर्कशपणा या उतरणीने मवाळ होत असेल, तर ती निवड म्हणून योग्यच आहे. माझे म्हणणे इतकेच की तोच परिणाम डेल्टा-सिग्मा डॅकवर प्लेअरमधल्या इक्वलायझरनेही साधतो आणि हवा तेव्हा काढूनही टाकता येतो, तेव्हा शिडीच्या रचनेला त्याचे सगळे श्रेय देण्याआधी हे करून पाहावे.

सावकाश ऐकण्याचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. चाचणी भराभरच घ्यायला हवी, असा नियम नाही. दोन्ही यंत्रे कापडाखाली झाकून, पातळी जुळवून, घरातल्या कोणाला तरी रोज त्यांतले एक निवडायला सांगावे. आपण पूर्ण राग ऐकून वहीत लिहून ठेवावे, आणि बऱ्याच संध्याकाळींनंतर ती वही त्या व्यक्तीच्या नोंदींशी ताडून पाहावी. रागाला लागणारा वेळ मिळतो आणि डोळ्यांचा हस्तक्षेपही टळतो.

विद्युतकर्मी

वहीची कल्पना चांगली आहे, फक्त किती बरोबर आले म्हणजे समाधान मानायचे, हे आधी ठरवावे. नाणे उडवून उत्तरे दिली तरी १६ पैकी १२ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता ३.८ टक्के असते. म्हणून १६ फेऱ्यांत १२ हा रूढ उंबरठा मानला जातो. दहापैकी सात बरोबर आले म्हणून हुरळून जाण्यात अर्थ नाही; तितके नशिबानेही सतरा टक्के वेळा येतात.

मला मात्र या चर्चेत अ‍ॅम्प्लिफायरच्या आउटपुट इम्पिडन्सचा (विजेच्या प्रवाहाला होणाऱ्या त्याच्या स्वतःच्या अंतर्गत विरोधाचा, जो ओहममध्ये मोजतात) मुद्दा सविस्तर यायला हवा होता. एचडी ६०० ला ३०० ओहमचा म्हणतात, पण हा आकडा सर्व स्वरांना सारखा लागू नाही. सुमारे १०० हर्ट्झच्या आसपास, जिथे पडद्याची नैसर्गिक कंपने असतात, तिथे त्याचा इम्पिडन्स ५०० ओहमच्या घरात चढतो. आता अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स १२० ओहम आहे असे धरा. जुन्या मानकात हाच आकडा होता आणि ट्रान्सफॉर्मर नसलेल्या अनेक व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आजही त्याच्या आसपास आढळतो. ३०० ओहमच्या जागी हेडफोनला ७१ टक्के व्होल्टेज मिळते, ५०० ओहमच्या जागी ८१ टक्के. हा फरक सुमारे एका डेसिबेलचा झाला. म्हणजे १०० हर्ट्झभोवती, जिथे खर्ज आणि जोड यांच्या मधला आणि बायाच्या घुमकेचा प्रदेश आहे, तिथे एक डेसिबेलची सूज येते. हीच ती ‘व्हॉल्व्हची ऊब’. ती सुखावते, आणि ती खरोखर ऐकू येते, आंधळ्या चाचणीतही ओळखता येते. के७ आणि डोंगल या दोन्हींचा आउटपुट इम्पिडन्स या हेडफोनच्या मानाने नगण्य असल्यामुळे धागालेखकांना दोन्ही सारखे वाटले, यात नवल नाही. तुलनेत एखादा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर असता तर निकाल वेगळा लागला असता.

एरवी अ‍ॅम्प्लिफायरचा इम्पिडन्स हेडफोनच्या एक अष्टमांशाहून कमी असावा, हा ढोबळ नियम पाळला की काळजी उरत नाही.

म्हापशेकर

मी फोनवरच ऐकतो आणि माझ्याकडे १६ ओहमचे, कानात घालायचे इअरफोन आहेत. नाट्यगीते आणि भजने अधिक. हे यंत्र घेतल्यास मला फायदा होईल का?

विद्युतकर्मी

म्हापशेकर, माझा सल्ला नको असाच आहे. तुमच्या इअरफोनला काही मिलिव्होल्टांतच पुरेसा आवाज मिळतो. इतक्या संवेदनशील इअरफोनवर ताकदीच्या अ‍ॅम्प्लिफायरची मूळची सळसळच गाण्याच्या शांत जागांत ऐकू येऊ लागण्याचा धोका असतो. चांगले डोंगल पुरे आहे. फक्त दोन गोष्टी तपासा. काही अँड्रॉइड फोनवर डोंगलचा आतला आवाज पूर्ण उघडत नाही, त्यामुळे ते कमकुवत वाटते. यूएसबी ऑडिओ प्लेअर प्रो यासारखे अ‍ॅप डोंगलशी थेट बोलते आणि ही अडचण दूर होते. दुसरे, इअरफोनचे रबरी टोपण कानात घट्ट बसते का ते पाहा. ते सैल असले तर तबल्याचा बाया नाहीसा होतो, आणि कोणताही डॅक तो परत आणू शकत नाही.

दूरदेशी

मी कॅनडात राहतो. इथे २४ बिट, १९२ किलोहर्ट्झचे संगीत देणारी सेवा घेतली आहे. के७ चे कडे पिवळे होते म्हणजे त्या सेवेचा लाभ मिळतो, असे समजावे का?

खर्जप्रेमी (धागालेखक)

पिवळे कडे एवढेच सांगते की फाइल त्या दराने पोहोचली. ती ऐकू येते का, हा निराळा प्रश्न आहे आणि त्यावर संशोधन झालेले आहे. मेयर आणि मोरॅन यांनी २००७ मध्ये उच्च दर्जाच्या ध्वनिमुद्रणांच्या मार्गात सीडीच्या मापाचा, म्हणजे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झचा टप्पा घालून पाहिला. सर्वसाधारण आवाजात श्रोत्यांना तो ओळखता आला नाही. नंतर २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ रीस यांनी तोवर झालेल्या अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र करून पाहिले, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले. म्हणजे फरक शून्य नाही, पण अगदी निसटता आहे; प्रशिक्षण दिलेल्या श्रोत्यांना तो काहीसा अधिक सापडला.

आपल्या संगीतापुरते बोलायचे, तर जुन्या टेपांवरून उतरवलेल्या मुद्रणांत टेपची सळसळच इतकी वर असते की १६ बिटांची ९६ डेसिबेलची झेपसुद्धा तिथे पूर्ण वापरली जात नाही. त्याऐवजी टेप कोणी, किती काळजीने उतरवली, वेग अचूक होता का, सळसळ काढण्याच्या नादात वरचे उपस्वरही खरवडले गेले का, यावर बरेच काही अवलंबून असते. एकाच मैफलीच्या दोन वेगवेगळ्या प्रती मी ऐकल्या आहेत; एकीत गायिकेचा षड्ज जवळजवळ अर्ध्या स्वराने चढलेला आणि तंबोरा ब्लँकेटखाली ठेवल्यासारखा होता, तर दुसरीत सळसळ भरपूर होती, पण जवारी शाबूत होती. इतका फरक कोणत्याही दोन डॅकमध्ये मला कधी आढळला नाही.

आणखी एक. त्या सेवेतला आवाज समान ठेवण्याचा पर्याय तुलना करताना बंद करावा किंवा दोन्हीकडे सारखा ठेवावा, नाहीतर दोन आवृत्त्यांची पातळी वेगळी राहील आणि पुन्हा तोच घोळ होईल.

अर्थिंग

माझा अनुभव तापदायक होता. दुसऱ्या एका कंपनीचा टेबलावरचा डॅक लॅपटॉपला जोडला की आलापाच्या शांत जागांत एक बारीक गुणगुण ऐकू यायची आणि माउस हलवला की तिचा स्वर बदलायचा. डॅक सदोष आहे असे वाटून परत करण्याच्या बेतात होतो. यावर उपाय असतो का?

विद्युतकर्मी

असतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. गुणगुण थांबली, तर दोष बहुधा डॅकचा नसून चार्जर आणि डॅकचा वीजपुरवठा यांच्यामध्ये जमिनीमार्गे तयार झालेल्या वळशाचा आहे. दोन्ही एकाच, खरोखर अर्थिंग असलेल्या बोर्डावर लावा. आपल्याकडे तीन पिनांचे सॉकेट असूनही मागे अर्थची तार जोडलेली नसणे ही नेहमीची बाब आहे, तेव्हा इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. तरीही गेली नाही तर यूएसबीऐवजी ऑप्टिकल जोडणी वापरा. प्रकाशाच्या तारेतून विजेचा वळसा पूर्ण होऊच शकत नाही. के७ ला ऑप्टिकल आणि कोअ‍ॅक्शियल दोन्ही जोडण्या आहेत.

अर्थिंग

बॅटरीवर गुणगुण पूर्ण थांबली. बोर्ड तपासून घेतो. मनापासून आभार.

श्रवणवैद्य

कानांच्या डॉक्टर या नात्याने एक काळजी व्यक्त करते. धागालेखकांनी डोंगलचा आवाज अपुरा पडतो म्हणून ताकदीचा अ‍ॅम्प्लिफायर घेतला, आणि जुन्या मुद्रणांसाठी ते समजण्यासारखे आहे. मात्र जुन्या मैफलीसाठी मूठ वर नेऊन ठेवलेली असताना रांगेत पुढे एखादे नवे, पूर्ण पातळीचे गाणे आले, तर कानावर एकदम वीस डेसिबेलचा जादा मारा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबेलला आठवड्याला ४० तास ऐकणे प्रौढांसाठी सुरक्षित मानले जाते, आणि ९० डेसिबेलला हीच मर्यादा ४ तासांवर येते. उघड्या हेडफोनमध्ये बाहेरचा गोंगाट आत येतो म्हणून आवाज वाढवण्याचा मोह होतो, तोही टाळावा. गेन कमी ठेवून सुरुवात करावी, आणि हेडफोन डोक्यावर चढवण्यापूर्वी मूठ खाली आणावी.

खर्जप्रेमी (धागालेखक)

डॉक्टर, ही सूचना मी लगेच अमलात आणली आहे. जुन्या मैफलींची वेगळी यादी केली आणि त्यात नवे मुद्रण मिसळू देत नाही. गेनही खालचाच ठेवतो. एचडी ६०० ला तोही पुरतो.

शिडीवाले यांनी व्यक्तिगत निरोपातून विचारले आहे की के७ ऐवजी तेवढेच पैसे अन्यत्र खर्च करायचे असते तर कुठे केले असते. ज्यांच्याकडे जुना एचडी ६०० आहे, त्यांनी सर्वांत आधी कानांवरच्या गाद्या पाहाव्यात. वापराने त्या दबतात, पडदा कानाच्या जवळ येतो आणि खालच्या-वरच्या स्वरांचा तोल बदलतो. गादी दोन बोटांत दाबून सोडली आणि ती सावकाशही पूर्वीच्या उंचीला आली नाही, तर बदलण्याची वेळ झाली. माझ्या गाद्या बदलल्यावर गायकाचा स्वर अर्धा पाऊल मागे गेला आणि तंबोऱ्याला जागा मिळाली. हा फरक डोळे मिटूनही सांगता येतो. तुमच्या शिडीच्या डॅकवर एकदा पातळी जुळवून, झाकून तुलना केलीत तर निकाल इथेच लिहावा, मग तो माझ्या निरीक्षणाच्या विरुद्ध असला तरी. घोडीवरचे सूत यांनी सुचवल्याप्रमाणे दोन खऱ्या तंबोऱ्यांचे मुद्रण वापरावे, आणि पेटीच्या गांधाराकडे विशेष लक्ष द्यावे.

शिडीवाला

मान्य आहे. मल्टिमीटर आहे, दुहेरी जोडणी मागवली आहे. कापड आणि वही घरातच मिळेल. पुतणीने रोज यंत्र निवडण्याची जबाबदारी घेतली आहे. नोंदी झाल्या की इथेच लिहितो.